गावच्या हुतात्मा स्मारकाचं काम हाती घेताना : नावं, दगड, दिवस आणि राजकारण

कृष्णाकाठ :

अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, स्वातंत्र्यलढ्यात माणसं गमावलेल्या गावांमध्ये सरकारने दोनशेच्या वर हुतात्मा स्मारकं बांधली. आज त्यातल्या बऱ्याच स्मारकांना कुलूप असतं, काहींच्या ओट्यावर धान्य वाळत असतं. ऑगस्ट आला की एक रंगाचा हात, एक हार, चार भाषणं, आणि मग वर्षभर कोणी फिरकत नाही. ज्यांना आपल्या गावात हे काम नीट करायचंय त्यांच्यासाठी हा धागा. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने इथे लिहावं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. रंगाआधी नावं. स्मारक पडकं असलं तरी चालेल, यादी चुकीची चालणार नाही. नंदुरबारचे शिरीषकुमार सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. ९ सप्टेंबर १९४२च्या त्याच गोळीबारात गेलेले लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा नंदुरबारबाहेर किती जणांना आठवतात? त्याच दिवशी वडूजला तहसील कचेरीवरच्या मोर्चात परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं पडली. एका दिवसाच्या दोन घटना, आणि बाहेर पोहोचलं ते एकेक नाव. निदान गावातल्या दगडाने तरी असं करू नये.

कामाची सुरुवात मालकीपासून करा. जागा ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची की सार्वजनिक बांधकाम विभागाची, हे नमुना ८च्या (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीच्या) उताऱ्यावर बघा. तिथे नोंद नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. हे न करता लोकवर्गणीतून फरशी बसवली आणि मागाहून विभागाचं पत्र आलं, तर पैसे जातात आणि गावात भांडण उरतं.

मग ग्रामसभेचा ठराव. ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी १ मेची सभा गाठा, १५ ऑगस्टच्या सभेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ठरावात कामाचं वर्णन आणि हिशेब कोण ठेवणार हे तर हवंच. पण आणखी दोन गोष्टी आग्रहाने घाला. एक, नावांची यादी हरकतींसाठी महिनाभर चावडीवर लावली जाईल. दुसरी, मुख्य दगडावर हयात माणसाचं नाव येणार नाही. ही दुसरी ओळ आधी लिहून घेतली नाही, तर उद्घाटकांचं नाव हुतात्म्यांच्या नावांहून मोठ्या अक्षरात येतं. मग ते काढायची कोणाची छाती होत नाही.

मोडीवाचक :

चांगला विषय. नावं शोधायची कुठे, त्याबद्दल लिहितो.

पहिलं ठिकाण कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळते. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा, अंदाजाने वाचू नका.

इथे हमखास होणारी चूक अशी की लोक फक्त आपल्या गावची वही बघतात आणि नोंदच नाही म्हणून परत येतात. मृत्यूची नोंद होते मृत्यू जिथे झाला तिथे. गोळी लागली तालुक्याच्या कचेरीसमोर, माणूस गेला जिल्ह्याच्या इस्पितळात, तर नोंद त्या शहराच्या नगरपालिकेत. तुरुंगात गेलेल्यांची नोंद तुरुंग ज्या गावात तिथली. म्हणून आधी घटना कुठे घडली, जखमींना कुठे हलवलं, कोणाला कुठल्या तुरुंगात ठेवलं, एवढं एका कागदावर मांडा आणि त्या त्या ठिकाणच्या वह्या काढा.

दुसरं, छापील साधनं. पी. एन. चोप्रा यांनी संपादित केलेला हुतात्म्यांचा तीन खंडांचा कोश आणि भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेचा १८५७ ते १९४७ या काळाचा पाच खंडांचा कोश. दोन्हींत इंग्रजी स्पेलिंगमुळे आडनावांचा घोटाळा होतो. एकच माणूस दोन नावांनी सापडू शकतो आणि दोन चुलतभाऊ एक समजले जाऊ शकतात. बापाचं नाव जुळल्याशिवाय नाव पक्कं धरू नका.

तिसरं, मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. जाताना घटनेची तारीख, तालुका आणि तेव्हाचा जिल्हा लिहून न्या. जुन्या कागदांत आजचे जिल्हे नाहीत. आजच्या सांगलीचे बरेच तालुके १९४२च्या कागदांत 'साताऱ्या'त आहेत ('दक्षिण सातारा' हे नाव १९४९नंतरचं), रायगड 'कुलाबा' आहे, नंदुरबार 'पश्चिम खानदेशा'त आहे.

स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची किंवा १९७२च्या ताम्रपटाची यादी ही हुतात्म्यांची यादी नाही. ज्यांच्या घरच्यांनी अर्ज केला, पुरावे जोडले, त्यांची ती यादी. ज्याच्या मागे अर्ज करणारं कोणी उरलंच नाही तो तिच्यात कसा येणार? आणि आपण शोधतोय ते बहुतेक वेळा त्यालाच.

चंद्रभागा :

मोडीवाचक काका, यात एक भर. विधवांची माहिती वहीत मिळत नाही, घरी मिळते. नवरा गेल्यावर जिने पाट लावला तिचं नाव सासरच्या वंशावळीतून गळतं आणि तिच्या लेकरांकडे मग कोणीच विचारायला जात नाही. सासर-माहेर दोन्हीकडे विचारा. वयस्क बायकांशी बोलायचं तर दुपारी जा, पुरुष मंडळी घरात नसताना. प्रश्न 'ते कसे गेले' असा नको. 'त्या दिवशी घरात कोण कोण होतं' असा करा. उत्तर पुष्कळ लांब मिळतं आणि त्यात नावं येतात.

जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहा. कोणी 'तो मोर्च्यात नव्हता, बैल आणायला गेला होता' म्हणालं, तर त्याला घोषणा देणारा करू नका. तो गेला, त्याला गोळी लागली, एवढं पुरेसं आहे.

टाकी_हातोडा :

आता दगड. आधी काय करू नये ते.

संगमरवराच्या पाटीला अॅसिड, टॉयलेट क्लीनर, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांपैकी काहीही लावायचं नाही. संगमरवर म्हणजे चुना, आंबट पदार्थ त्याला खातो. पहिल्या दिवशी पाटी पांढरी दिसते, पण वरची लकाकी गेलेली असते. पुढच्या पावसाळ्यात त्या खरखरीत पृष्ठभागावर दुप्पट शेवाळ धरतं, आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात त्या कायमच्या. तारेचा ब्रश नको, गाड्या धुवायचा प्रेशर पंप नको, ब्लीचिंग पावडर नको (तिचे क्षार दगडात राहतात आणि मागून पांढरे फुलतात).

काय करावं : साधं स्वच्छ पाणी, बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण, मऊ नायलॉनचा ब्रश. पाटी आधी पूर्ण भिजवा, मग खालून वर घासत जा. वरून सुरू केलं की मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडात मुरतं आणि ओघळाचे डाग राहतात. शेवटी भरपूर पाणी. खाचांतलं शेवाळ बांबूच्या काडीने काढा, खिळ्याने नाही.

काळ्या पाषाणाला चमक यावी म्हणून ऑइलपेंट फासतात. तो श्वास कोंडतो, आतला ओलावा बाहेर पडायला जागा राहत नाही, आणि दोन-तीन वर्षांत रंगाबरोबर दगडाची साल निघते. पाषाण आहे तसा ठेवा. अक्षरांत सोनेरी भरायचा मोह टाळा. बाजारातल्या सोनेरी रंगात पितळेची भुकटी असते, ती उघड्यावर काळी-हिरवी पडते. काळ्या ग्रॅनाइटवर पांढरं इनॅमल सगळ्यात जास्त टिकतं आणि लांबून वाचता येतं.

१९८०च्या बांधकामात खरा रोग काँक्रीटमध्ये आहे. गज गंजतो, फुगतो आणि वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. त्यावर गिलावा करून रंग मारणं म्हणजे गंज झाकणं. सुटलेलं सगळं काढा, गजाच्या मागच्या बाजूलाही बोट जाईल इतकं. गज घासून लख्ख करा, गंजरोधक लेप द्या, मग पॉलिमर मिसळलेला मॉर्टर थरांनी भरा आणि निदान सात दिवस पाणी मारा. छताला उतार आहे का आणि पन्हळी मोकळ्या आहेत का, तेही बघा. पाणी साचत असेल तर बाकी सगळं वाया गेलं.

मोडीवाचक :

टाकी_हातोडा, अक्षरांचं सांगा ना. सगळ्यात जास्त चुका तिथे दिसतात.

टाकी_हातोडा :

हो. हल्ली कोरीव काम मशीनवर होतं. आपण यादी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतो आणि कारागिराच्या कॉम्प्युटरवर जुना फॉन्ट असतो. फाइल तिकडे उघडली की ऱ्ह, ऱ्य, द्ध, ष्ठ यांचा चुराडा होतो. 'कऱ्हाडे'चं 'कर्हाडे', 'गोऱ्हे'चं 'गोर्हे'. कारागीर परप्रांतातला असेल तर त्याच्या हे लक्षात येण्याचं कारण नाही, आणि एकदा दगडात कोरलेलं खोडता येत नाही.

म्हणून फाइल देताना अक्षरं आकृतीत रूपांतरित करून पीडीएफ द्या. कारागिराकडून पाटीच्या खऱ्या मापाचा कागदी प्रिंट मागा. तो भिंतीवर लावा आणि प्रत्येक घरच्या माणसाला आपापलं नाव बोट ठेवून वाचायला लावा. बरोबर असेल तर शेजारी सही. सगळ्या सह्या झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही.

अक्षराची उंची : दहा फुटांवरून सहज वाचायचं तर निदान एक इंच. नावं २५ मिमी, वय-गाव-तारीख १८ मिमी. देवनागरीत वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींमधली जागा इंग्रजी पाटीपेक्षा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

आणि पाटीचा खालचा तिसरा हिस्सा कोरा सोडा. नावं मागाहून सापडतात.

गिरणगाव :

कोरा हिस्सा सोडण्याचा मुद्दा फार मोलाचा आहे. मुंबईचं उदाहरण बघा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा कोणी १०५ सांगतं, कोणी १०६, कोणी १०७. यादी कुठून सुरू करायची, कुठे थांबवायची, सीमाभागातले मृत्यू धरायचे का, जखमी होऊन मागाहून गेलेल्यांना धरायचं का, यावर आकडा हलतो. यावर उपाय एकच, निकष दगडावरच लिहायचा. 'अमुक तारखेच्या गोळीबारात किंवा त्यात झालेल्या जखमांनी पुढे मृत्यू पावलेले' एवढी एक ओळ वर कोरली की निम्मे वाद मिटतात.

राजकारणाचं बोलायचं तर हुतात्मा चौकाइतकं अवघड ठिकाण नाही. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनजवळ १५ माणसं गेली ती स्वतंत्र भारतात, आपल्याच सरकारच्या गोळ्यांनी. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. आज तिथे दरवर्षी सरकारच अभिवादन करतं, सगळे पक्ष हार घालतात. ते घालावेतच. पण भाषणात राज्य कसं मिळालं तेवढं येतं आणि गोळी कोणी चालवली ते गळतं. आपल्या गावच्या कार्यक्रमात घटनेचं वाचन ठेवलं तर त्यात हुकूम कोणाचा, गोळीबार कुठून झाला, किती वाजता, हे सगळं असावं. घरच्यांना ते ऐकायचं असतं.

एक व्यवहाराची गोष्ट. स्मृतिदिन निवडणुकीच्या आचारसंहितेत येऊ शकतो. २०२४मध्ये विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि मतमोजणी २३ला. २१ नोव्हेंबर बरोबर मध्ये आला. अशा वर्षी अभिवादनाला अडचण नसते, अडचण होते ती फलक, चिन्हं आणि भाषणांमुळे. आधीच तहसील कचेरीत कार्यक्रमपत्रिकेसह अर्ज द्या, पोच घ्या, फलकावर कोणाचाही फोटो ठेवू नका.

चंद्रभागा :

आचारसंहिता नसली तरी फोटो नकोच, गिरणगाव. माझ्या मते तर व्यासपीठच नको. खुर्च्या जमिनीवर, पहिल्या ओळीत घरचे, मागे बाकी सगळे, आमदारसाहेबसुद्धा. ज्यांना हे चालत नाही ते येत नाहीत, त्यात कार्यक्रमाचं काही बिघडत नाही.

आमच्याकडच्या समित्या साधारण असा क्रम ठेवतात : नावांचं वाचन, घटनेचं दहा मिनिटांचं वाचन, दोन मिनिटं स्तब्धता, फुलं, संपलं. पाऊण तासाच्या आत. नावं शाळेतल्या मुलांनी वाचावीत, एका मुलाला एकच नाव, आणि ते त्याने आधी त्या घरी जाऊन म्हणून दाखवावं. उच्चार तिथेच सुधारतो. मुलाला ते घर कळतं, घरच्यांना ते मूल कळतं.

स्तब्धतेला दोन मिनिटं म्हणजे दोनच. घड्याळ बघणारा एक माणूस नेमा. ३० जानेवारीचा सरकारी पायंडा वापरायला सोपा आहे : १०:५९ ते ११:०० भोंगा, ११:०० ते ११:०२ स्तब्धता, ११:०२ ते ११:०३ पुन्हा भोंगा. स्मारक रस्त्यावर असेल तर दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा करून गाड्या थांबवा. ध्वनिक्षेपकवाल्याला मशीन बंद करायला सांगा, आवाज कमी करून भागत नाही. नाहीतर मधेच कर्णा शिट्टी मारतो.

सावंतसर :

तिरंग्याबद्दल लिहितो, कारण चांगल्या हेतूने चुका होतात.

पाटीचं किंवा पुतळ्याचं अनावरण तिरंग्याने झाकून करायचं नाही. ध्वजसंहितेत स्पष्ट मनाई आहे. ध्वज शेजारी स्वतंत्र स्तंभावर ठेवा, पाटीवर साधं पांढरं किंवा भगवं कापड टाका. ध्वजस्तंभाच्या टोकावर हार-फुलं नकोत. ध्वजावर अक्षरं नकोत. हुतात्म्यांची नावं छापलेले तिरंगे विकायला येतात, तेही घेऊ नयेत. फाटलेला ध्वज उकिरड्यावर न टाकता एकांतात, मानाने, पूर्ण नष्ट करावा, शक्यतो जाळून.

दुखवटा जाहीर झाला असेल तर ध्वज थेट अर्ध्यावर चढवत नाहीत. आधी टोकापर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणतात. उतरवतानाही आधी टोकाला, मग खाली. अंत्ययात्रेत शवपेटीवर ध्वज घालायचा तो फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांचा इतमाम असेल तेव्हा, केशरी पट्टा डोक्याकडे, आणि तो चितेत किंवा कबरीत जाता कामा नये. ही जबाबदारी आधीच दोन जणांवर सोपवा. त्या घाईत, त्या दुःखात ऐनवेळी कोणाला काही सुचत नाही.

नळदुर्ग :

मराठवाड्याचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शोधाची रीत वेगळी आहे. निझामी राज्यातले कागद उर्दूत, वरचे दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात. शिवाय बरेच कार्यकर्ते सरहद्दीपलीकडच्या शिबिरांतून काम करायचे, करोडगिरी (जकात) नाक्यांवर हल्ले तिथूनच व्हायचे. त्यामुळे गाव निझामीत आणि मृत्यूची नोंद बार्शी, सोलापूर, अहमदनगर अशा मुंबई इलाख्यातल्या ठिकाणी, असं होऊ शकतं. दोन्हीकडे बघा.

पण मला लिहायचंय ते दुसरं. हैदराबाद संस्थानावरची भारत सरकारची पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ला सुरू झाली, १७ला निझाम शरण आला. रझाकारांनी मारलेल्या माणसांची नावं आपण दगडावर कोरली, ते योग्यच. त्यानंतरच्या आठवड्यांत गावोगाव मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीला केंद्रानेच पाठवलं होतं. कारवाईच्या काळात आणि नंतर मिळून २७ ते ४० हजार माणसं गेली, असा तिचा हात राखून केलेला अंदाज आहे, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे तिने सर्वांत जास्त होरपळलेले सांगितले. तो अहवाल कितीतरी दशकं बाहेर आला नाही. या माणसांचा एकही दगड माझ्या माहितीत नाही. ते त्याच गावचे होते, त्याच विहिरीचं पाणी प्यायचे.

कृष्णाकाठ :

नळदुर्ग, हे लिहिलंत ते बरं केलंत. पण हुतात्मा स्मारकात ही नावं घालता येतील असं वाटत नाही. ते लढ्यात गेलेल्यांचं आहे. दोन्ही एका दगडावर आणले तर दोन्ही घरांना लागेल.

नळदुर्ग :

एका दगडावर मीही म्हणत नाही. उत्तर प्रदेशात चौरीचौऱ्याला १९२२मध्ये जमावाने पेटवलेल्या ठाण्यात जळून मेलेल्या पोलिसांचं स्मारक आहे आणि त्या खटल्यात फाशी गेलेल्या १९ जणांचंही आहे. वेगळी आहेत, एकाच गावात आहेत. आमच्या भागात निदान कब्रस्तानाच्या भिंतीवर नावांची एक पाटी व्हावी. तीही मशिदीच्या पंचांनी आणि घरच्यांनी मागितली तरच. त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी आवाज करू नये, कारण रोज त्या गावात राहायचंय त्यांना. आपल्याकडून होण्यासारखं काम म्हणजे नोंद. वयस्क माणसं आहेत तोवर नावं लिहून घ्या, दोन प्रती करा, एक घरी द्या, एक आपल्याजवळ ठेवा. दगड कधी लावायचा ते पुढचे ठरवतील.

मोडीवाचक :

सहमत. त्या नोंदींवर सांगणाऱ्याचं नाव मात्र त्याच्या परवानगीशिवाय लिहू नका. तारीख आणि गाव लिहा.

गिरणगाव :

एक राहिलं. २०२३मध्ये केंद्र सरकारच्या 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक लावले. ९ ऑगस्टपासून मोहीम होती, यादी करायला हाताशी वेळ थोडा होता, त्यामुळे काही ठिकाणी नावं अपुरी आहेत. तो फलक उखडायचा का?

कृष्णाकाठ :

उखडू नका. तो सरकारी मोहिमेचा फलक आहे, त्याला हात लावला की काम नावांवरून पक्षांवर जातं आणि यादी बाजूला पडते. आपली पूर्ण यादी स्मारकाच्या आत स्वतंत्र दगडावर लावा. फलकात चुकीचं नाव असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) पुराव्याच्या झेरॉक्ससह लेखी कळवा आणि पोच घ्या. चुकीचं नाव राहिलंय असं घरच्यांना वाटत असेल तर अर्जावर पहिली सही त्यांची घ्या.

टाकी_हातोडा :

आणि आतल्या दगडाला स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे वापरा. साध्या लोखंडी स्क्रूचा गंज ओघळून पहिल्या दोन नावांवरच उतरतो. भिंतीपासून अर्धा इंच फट ठेवून बसवा, मागून ओल येत नाही आणि पुढे नाव वाढवायचं झालं तर पाटी काढताना तुटत नाही.